इंगळेबाईंचं ‘मंग माहं’

रस्त्यात पडलेली वस्तू वाकून उचलायची, दोन बोटांत धरून वर करायची, चहूकडे बघायचं आणि वर्गात विचारावं तसं मोठ्याने विचारायचं, “हे कोणाचं आहे?” कोणी बोललं नाही की थोडा वेळ थांबायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, “बरं. मंग माहं.” की वस्तू गेली कमरेवरच्या टोपलीत. इंगळेबाई वरवट बकालला होत्या तोवर रोज सकाळी हे चालायचं. बाजारातली पत्रावळ असो, चिंधी असो, कंदिलाची फुटकी काच असो की मेलेला उंदीर, प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. बाकीचं मराठी त्या पुण्यात पुस्तकातून शिकून आल्या होत्या, ‘कृपया’ आणि ‘आपण’ लावून बोलायच्या. ‘मग माझं’साठीचे हे दोन शब्द मात्र त्यांनी गावातल्या पोरांकडून घेतले होते, आणि तेवढेच त्यांच्या तोंडी चपखल बसले होते.

लोक हसायचे. मला मात्र त्या प्रश्नाची धास्ती वाटायची. आमच्याकडे बाईमाणूस विंचरून निघालेले केस वाऱ्यावर सोडत नसे. त्यांची गुंडाळी करून, तिच्यावर थुंकून, ती भिंतीच्या फटीत खोचायची. लेकराचं जुनं अंगडं, फुटलेल्या बांगड्या, कापलेली नखं, यातलं काही नको त्या हाती गेलं तर काय होईल सांगता येत नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि ही गोरी, उंच बाई भर रस्त्यात अशीच एखादी वस्तू वर धरून विचारते, हे कोणाचं! कोण सांगणार? मी ओसरीच्या खांबाआडून बघायची आणि वस्तू आपल्या घरची नाही एवढी खात्री करून घ्यायची.

त्यांचं खरं नाव इनग्रिड. डेन्मार्कच्या. तिकडे नर्स होत्या आणि कुठल्याशा संस्थेतर्फे दोन वर्षं खेड्यात राहून काम करायला आल्या होत्या. बरोबर योहान नावाचा त्यांच्याच देशातला तरुण होता. तो विहिरींचे कठडे बांधायचा आणि संडासाचे खड्डे खणायचा. गावाने पहिल्याच आठवड्यात योहानचा ‘जवान’ केला आणि इनग्रिडची ‘इंगळे’. आता आमच्या जिल्ह्यात इंगळे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणते इंगळे? कुणब्यांत इंगळे आहेत, बौद्धांत इंगळे आहेत, आणि बाई कोणाच्या ते ठरल्याशिवाय त्यांना पाणी कोणत्या गडव्यातून द्यायचं ते काही जणांचं ठरेना. बुद्धवाड्यात राहणारे, प्राथमिक शाळेतले इंगळे गुरुजी हसून म्हणायचे, “बाई, तुमी आमच्यातल्या. भावकी हाय आपली.” भावकी म्हणजे काय ते बाईंनी नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “छान. मग आपण उद्या माझ्याबरोबर झाडायला या.”

गुरुजींचं हसू मावळलं. “नाई बाई,” ते म्हणाले, “गावचा झाडू आमच्या हातातून सुटला थो सुटला. आता ज्या दिशी मोठ्या घरचं कोनी खराटा घेऊन रस्त्यावर येईन, त्या दिशी मी त्याच्या बाजूले उभा राहीन. त्याच्या आंधी नाई.” मोठं घर म्हणजे आमचं. गुरुजींचं म्हणणं बरोबर होतं आणि ते आमच्या घरातल्यांनाही कळत होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नसे. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही वरवटकर जागचे हललो नव्हतो, पण मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं आमची राहून झाली होती. राज्यं बदलली तरी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा कचरा तिथेच असायचा आणि तो उचलायला दोन परदेशी माणसं होती.

बाई आमच्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत राहायच्या. घरात मी, माझी तान्ही मुलगी मंदा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. माझे यजमान खामगावला कापसाच्या जिनात नोकरीला होते, ते आठवड्याने यायचे. आत्याबाईंनी ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर सगळी शेती एकटीने सांभाळली होती. गडीमाणसं त्यांच्यापुढे मान वर करत नसत. पण ही बाई आतून सगळ्याला भीत होती. अमावास्येला घराबाहेर पडायची नाही, तिन्हीसांजेला पीठ-मीठ कोणाला द्यायची नाही, मंदाच्या तळपायाला काजळ लावल्याशिवाय तिला अंगणात नेऊ द्यायची नाही. “भेव धरत जाय वो सुमन,” त्या मला सांगायच्या. “ज्या घरात भेव नाई, थे घर उघडं राह्यते.”

बाईंचं आणि त्यांचं रोज जुंपायचं. बाई पिण्याचं पाणी खळखळा उकळायच्या, तर आत्याबाई म्हणायच्या, “पान्याले काऊन फाशी देऊन राह्यली हे बाई?” आत्याबाई घर झाडून केर उंबऱ्याबाहेर रस्त्यावर ढकलायच्या. बाई तो सुपात भरून दारात हजर. “हे कोणाचं आहे?” आत्याबाई शांतपणे सांगायच्या, “रस्त्याचं हाय थे.” मग बाई रस्त्याकडे बघायच्या, रस्ता काही बोलायचा नाही, आणि बाई म्हणायच्या, “बरं. मंग माहं.” पाठ वळली की आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. बाईंना गावाबाहेरच्या खड्ड्यात केर टाकून आलेलं पाहिलं की मुद्दाम ताकाचा पेला पुढे करायच्या, पण शिवाशिव नको म्हणून हात पुढे यायच्या आत पेला खाली ठेवायच्या.

त्या उन्हाळ्यात हसणं बंद झालं. आमच्या भागात विहिरींचं पाणी खारं, म्हणून प्यायचं पाणी बाया नदीच्या पात्रात झिरे खणून आणायच्या, आणि त्या वर्षी झिरेही आटत आले होते. मग जळगाव जामोदकडच्या खेड्यांतून बातम्या यायला लागल्या. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव कोणी घेत नव्हतं. “तिकडे ‘थे’ आली म्हनते,” एवढंच बायका एकमेकींच्या कानाशी बोलायच्या, आणि ऐकणारी ताबडतोब मरीमायच्या देवळाकडे हात जोडायची. संध्याकाळी दारं लवकर लागायला लागली. कोणाच्या घरातून उलटीचा आवाज आला तर शेजारचं घर कानोसा घेत गप्प बसायचं. अशातच एका सकाळी मंदाला जुलाब सुरू झाले.

ती माझी पहिली मुलगी. धरून धरून नुकती उभी राहायला लागली होती. दुपारपर्यंत तिचं रडणं बारीक झालं, दुसऱ्या दिवशी रडताना डोळ्यांत पाणी येईना. मी तिला खाली ठेवायला भीत होते. खाली ठेवली तर ती उठणार नाही असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. वैद्याची पुडी झाली, सुंठ झाली, जायफळ उगाळून झालं. जे पाजावं ते बाहेर पडत होतं. यजमानांना निरोप धाडला होता, पण निरोप खामगावला पोचून ते यायचे कधी?

त्या सांजेला आत्याबाईंनी उतारा केला. जोंधळ्याची भाकर, तिच्यावर दहीभात, हळदकुंकू, एक लिंबू, एक बिब्बा आणि कणकेचा दिवा. तोंडातून अक्षर न काढता तो मंदावरून डोक्यापासून पायांपर्यंत उतरवला आणि आमच्या दारासमोरच्या तिवाट्यावर नेऊन ठेवला. तिथे संग्रामपूरचा रस्ता, नदीचा रस्ता आणि बाजाराची गल्ली एकत्र येतात. माघारी न बघता त्या आल्या, दारात पायांवर पाणी घेतलं आणि आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. उताऱ्याचा नियम आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दुखणं त्यात उतरतं आणि तिवाट्यावर बसून राहतं. जो हात लावील त्याला ते धरतं. आणि उतारा कोणाचा, हे कधीही विचारायचं नसतं. टाकणाऱ्याने सांगायचं नसतं, पाहणाऱ्याने ओळख दाखवायची नसते.

दुसरा दिवस बाजाराच्या नंतरचा. मी मंदाला खांद्यावर घेऊन खांबाशी उभी होते. इंगळेबाई बाजाराच्या गल्लीतून खराटा मारत, वाकत, टोपली भरत तिवाट्याकडे येत होत्या. त्या कुठे निघाल्या आहेत ते मला दिसत होतं. मला ओरडायचं होतं, पण ओरडले तर उतारा कोणाचा ते गावाला सांगितल्यासारखं होणार, आणि मग तो फुकट जाणार. समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेल्यांपैकी एक जण मात्र धावत पायरीवर आला. “वो बाई! हात नोका लावू! उतारा हाय थो, उतारा!”

आणि इथेच घात झाला. बाईंना उतारा हा शब्द चांगला ठाऊक होता. त्यांच्या पुण्याच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली असायचं, ‘पुढील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या.’ गावात आल्यावर तलाठ्याकडचा शेताचा उताराही त्यांनी पाहिला होता. उतारा म्हणजे वाचायचा कागद, यात त्यांना शंका नव्हती. कोणाचा तरी महत्त्वाचा कागद कचऱ्यात पडलाय असं समजून त्या लगबगीने खाली बसल्या, भाकर उचलली, तिच्याखाली पाहिलं, लिंबू बाजूला केलं, बिब्बा उलटा करून पाहिला. “कुठे आहे उतारा?” त्या म्हणाल्या. “मला दिसत नाही. मी वाचते ना.” हॉटेलातली माणसं एकेक करून उभी राहिली. कागद नाही म्हटल्यावर बाईंनी ती भाकर दोन्ही हातांनी वर धरली, चहूकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “हे कोणाचं आहे?”

तिवाटा इतका गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी मंदाचं डोकं छातीशी घट्ट धरलं. बाई थांबल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबल्या असतील. मग मान हलवून म्हणाल्या, “बरं. मंग माहं.”

माझ्या मागे तांब्या पडल्याचा आवाज झाला. आत्याबाई दारात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. “माय वो,” त्या पुटपुटल्या, “तिनं तोंडानं म्हतलं. सगळ्याईच्या समोर, तोंडानं म्हतलं.” समोर चहाचे कप अर्धेच टाकून माणसं निघून गेली. बाईंनी भाकर टोपलीत टाकली आणि त्या नदीच्या रस्त्याने पुढे झाडत गेल्या.

दुपारपर्यंत गावात दोन मतं पडली. एक म्हणे, दुखणं बाईला धरणार. दुसरं म्हणे, बाई परक्या देशाची, तिला ते ओळखणार नाही, दुप्पट होऊन ज्याचं त्याच्याकडे माघारी येणार. मला मंदाची भीती वाटत होती आणि बाईंचीही वाटत होती, आणि दोघींतली एकच वाचेल असा हिशेब गावाने मांडून टाकला होता. दूधवाला बाईंच्या खोलीपासून लांब दूध ठेवून पळाला. पोरांना आयांनी दंडाला धरून घरात ओढलं. येणारे-जाणारे बाईंच्या दारापुढून जाताना पावलं मंद करायचे, बाई उभी आहे की आडवी झाली हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचे आणि झपाझप निघून जायचे. इंगळे गुरुजी तेवढे जाऊन बोलले त्यांच्याशी. “आमी हे काईच मानत नाई,” ते मला नंतर म्हणाले. “पन सुमनबाई, खरं सांगतो, मी तरी थे उचललं नसतं.”

बाई परसदाराने माझ्याकडे आल्या. “सुमन, लोक माझ्याकडे असे का बघतात?” मी दाराच्या आत, त्या बाहेर. मी सांगितलं. उतारा म्हणजे काय, तो कोण करतं, उचलला तर काय होतं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. मग हळूच विचारलं, “कोणाचं होतं ते?” माझी नजर मंदाकडे गेली आणि त्यांना कळलं. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून मंदाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मंदा आजारी आहे हे आम्ही त्यांच्यापासून लपवलं होतं; बाहेरच्या माणसाला सांगू नये अशी आत्याबाईंची ताकीद होती. “हिला दवाखान्यात न्यायला हवं,” त्या म्हणाल्या. “आत्ता. सुमन, आत्ता!”

“तू आत पाय नोको टाकू!” आत्याबाई मधल्या दारातून ओरडल्या. “थे तुह्या अंगावर हाय. लेकराले हात लावशीन तं माघारी येईन थे. मी हात जोडतो तुले बाई, जाय अठून.” आत्याबाई खरोखर हात जोडून उभ्या होत्या. ज्या बाईपुढे गडी मान वर करत नसत, ती एका परदेशी मुलीपुढे रडत होती.

इंगळेबाईही भ्यायल्या होत्या. अशी पोरं किती झपाट्याने हातची जातात हे आम्हाला अंदाजाने ठाऊक होतं. त्यांनी ते पाहिलेलं होतं. पण उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. “आत्याबाई,” त्या एकेक शब्द शोधत म्हणाल्या, “जो उचलतो, त्याचं होतं ना ते?”

“हाव.”

“मी उचललं ना?”

आत्याबाईंनी मान हलवली.

“मी विचारलं, हे कोणाचं. सगळे होते. कोणी बोललं नाही. मंग माहं. आता ते माहं आहे, आत्याबाई. मी ते परत देणार नाही. मेले तरी देणार नाही. फक्त ही मुलगी माझ्याकडे द्या.”

आत्याबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आजवर या घरात शास्त्र सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते. फवारणीवाले, टोचणीवाले, पुढारी. सगळ्यांनी सांगितलं होतं की तुमची भीती खोटी आहे. ही एकटीच अशी निघाली की जिने ती भीती खरी धरली आणि स्वतःच्या अंगावर घेतली. “शब्द देते काय?” आत्याबाईंनी विचारलं. “देते,” बाई म्हणाल्या. आत्याबाई दारातून बाजूला झाल्या.

दुपारची जळगाव जामोदची एस.टी. इंगळे गुरुजींनी रस्त्यात उभं राहून थांबवली. बातमी आमच्या आधी बसमध्ये चढली होती. बाई बसल्या त्या बाकाच्या पुढचं आणि मागचं बाक रिकामं झालं. माणसं उभ्याने दांड्याला लटकली, पण जवळ आली नाहीत. खिडकीतून चुलीसमोर बसल्यासारखी झळ येत होती. बाईंनी उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून बाटली आणली होती, ती त्या चमच्या-चमच्याने मंदाच्या ओठांत सोडत होत्या. ती ओकायची, बाई पुन्हा सोडायच्या. मधेच मंदाचे डोळे वर गेले. मी किंचाळले. बाईंनी तिला गालावर थापट्या मारून हाक मारली, आपल्या देशाच्या भाषेत काहीतरी बोलल्या, आणि मंदाने डोळे खाली आणले. उरलेला सगळा रस्ता मी तिच्या पापण्यांवरची नजर काढली नाही. श्वास घ्यायची तेव्हा तिच्यामागोमाग मीही घ्यायची.

सरकारी दवाखान्यात तिला सलाईन लावलं. पुढच्या सकाळी तिने माझी बांगडी धरून रागाने, खणखणीत टाहो फोडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मंदाच्या डोळ्यांतलं ते पाणी बघून बाई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. आम्ही परतलो तेव्हा आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. शेजारणींनी सांगितलं, आम्ही गेल्यापासून त्या तिथून फारशा हलल्याच नव्हत्या.

पण गोष्ट तिथे संपायची नव्हती. लेकरू वाचलं म्हणजे हिशेबाची दुसरी बाजू बाकी राहिली. गाव बाईंकडे टक लावून होतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाई आडव्या झाल्या. ताप, मळमळ, आणि मग डोळे पिवळे. “कावीळ,” जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. गावाने फक्त मान हलवली. योहान बिचारा धावपळ करत होता, मुंबईला न्यायचं, तिथून मायदेशी पाठवायचं. मी उसाचा रस घेऊन गेले तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. “सुमन, हे पाण्यामुळे होतं,” त्या म्हणाल्या. “खराब पाणी. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.” मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. पिवळ्या डोळ्यांत भीती दाटली होती. “नाही ना?”

मी नाही म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

आत्याबाई आता त्यांच्या खाटेजवळून उठत नसत. सोवळं-ओवळं, कोणते इंगळे, सगळं विसरून त्या बाईंच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायच्या आणि एकच विचारायच्या, “काऊन म्हतलं वो बाई तुनं? मंग माहं, काऊन म्हतलं?” बाई थकलेल्या आवाजात सांगायच्या, “कोणी बोललं नाही ना, म्हणून.” हे उत्तर ऐकलं की आत्याबाई खाली मान घालायच्या. त्या दिवशी बोलू शकणारं माणूस कोण होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जायच्या आदल्या सांजेला आत्याबाईंनी बाईंवरून उतारा केला. बाईंनी विरोध केला नाही. खाटेवर ताठ बसून डोळे मिटून घेतले, आणि भाकर पायांपर्यंत उतरेपर्यंत हलल्या नाहीत. आत्याबाई तिवाट्यावर तो ठेवून माघारी न बघता आल्या. सकाळी एस.टी.त चढवताना त्यांनी बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “आता एक आयक माहं. गाडी निंघाली की माघारी नोको पाहू. काई झालं तरी नोको पाहू. पाह्यलं तं थे मांगं येते.” ज्या बाईने गावातली प्रत्येक वस्तू उचलून, उलटी-पालटी करून पाहिली होती, ती त्या दिवशी समोर नजर लावून बसली. गाडी वळेपर्यंत तिचा हात खिडकीतून बाहेर होता आणि मागच्या मागे हलत होता, पण डोकं वळलं नाही.

बाई बऱ्या झाल्या हे योहानने आम्हाला सांगितलं, पण ते कळायला पावसाळा सरत यावा लागला. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मला जाग आली ती रस्त्यावरच्या खराट्याच्या आवाजाने. क्षणभर वाटलं, बाई आल्या. धावत ओसरीच्या खांबाशी गेले. आत्याबाई होत्या. पदर खोचलेला, हातात बाईंचा खराटा, कमरेवर बाईंची टोपली. बाजाराच्या गल्लीपासून झाडत झाडत त्या तिवाट्यापर्यंत आल्या होत्या. हॉटेलच्या पायरीवर माणसं कप धरून उभी होती. मोठ्या घरची बाई झाडते आहे ही बातमी पोचली असावी; बुद्धवाड्याकडून इंगळे गुरुजी खराटा घेऊन येत होते, ते मधेच थांबले.

उतारा तसाच पडलेला होता. दिवा विझलेला, दहीभात सुकलेला. जोवर कोणी घेत नाही तोवर दुखणं तिथेच बसून राहतं, आणि एक दिवस समुद्र ओलांडून आपल्या माणसाला शोधत जातं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात असणार. त्या गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या. मी ओरडले, “आत्याबाई, नोका!” त्यांनी ऐकलं नाही. भाकर दोन्ही हातांनी उचलून वर धरली आणि चहूकडे पाहिलं.

“कोनाचं हाय हे?”

कोणी बोललं नाही. ते कोणी टाकलं होतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. “बरं,” आत्याबाई म्हणाल्या, “मंग माहं.” आणि भाकर टोपलीत टाकली. गुरुजी पुढे आले आणि त्यांच्या बाजूला झाडू लागले.

त्या दिवशी मी काही ना काही निमित्त काढून सारखी आत्याबाईंच्या कपाळाला हात लावून पाहत होते. डोळे पिवळे दिसतात का, ते उजेडात नेऊन बघत होते. शेवटी त्यांनी माझा हात धरून ठेवला.

“भेव तं मलेबी वाटून राह्यलं वो सुमन,” त्या म्हणाल्या. “पन तिकडे तिले आता कमी वाटत असन.”